सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा: फायदा कुठून येतो आणि रांग कुठून लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देशातल्या प्रत्येकाला सरकारी पैशातून उपचार मिळावेत ही कल्पना चांगली वाटते, पण रांगा लागतात, कर वाढतो, फुकट म्हणून लोक उगाच येतात आणि डॉक्टरांना कामात रस राहत नाही, असंही ऐकू येतं. यात खरं किती? आणि सगळं फुकट ठेवण्यापेक्षा थोडी फी लावलेली बरी नाही का?

आधी प्रश्नाचा गुंता सोडवायला हवा. ‘सरकारी आरोग्यसेवा’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबतो. सगळ्यांना संरक्षण आहे का, ही एक. पैसा कोण गोळा करतं आणि कोण मोजतं, ही दुसरी. हॉस्पिटलं कोणाच्या मालकीची आणि डॉक्टर कोणाचे नोकर, ही तिसरी. ब्रिटनमध्ये १९४८ पासून पैसा करातून येतो आणि हॉस्पिटलं बहुतांशी सरकारी आहेत, पण फॅमिली डॉक्टर मात्र मुख्यतः कंत्राटावर काम करणारे स्वतंत्र व्यावसायिक. कॅनडात बिल सरकार भरतं, डॉक्टर बहुतेक स्वतःचा व्यवसाय करतात. जर्मनीत १८८३ च्या कायद्यापासून पगारातून वर्गणी कापून आजारनिधी चालतात. आज असे शंभराच्या आसपास निधी आहेत आणि हॉस्पिटलं सरकारी, धर्मादाय, खासगी अशी तिन्ही प्रकारची. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाने खासगी कंपनीकडून मूलभूत विमा घेणं सक्तीचं आहे. तिथे सगळ्यांना संरक्षण आहे, पण सरकारी विमा नाही. त्यामुळे एका देशाची रांग आणि दुसऱ्या देशाचा कर एकत्र करून ‘सरकारी सेवा अशीच असते’ असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा की या तिन्हीपैकी कशाबद्दल बोलताय.

फायद्या-तोट्यांच्या दोन याद्या शेजारी मांडण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, कारण दोन्ही एकाच जागेतून येत नाहीत. मोठा फायदा पहिल्या गोष्टीतून येतो, सगळे एकाच निधीत असण्यातून. तोटे बहुतेक करून पैसे कसे मोजले आणि क्षमता किती ठेवली यातून येतात.

निधीचं गणित बघा. समजा, एका आजाराचा उपचार माणसाच्या पाच वर्षांच्या कमाईइतका महाग आहे आणि तो दरवर्षी शंभरात एकाला होतो. ज्याला होतो त्याचं घर बसतं. शंभर जणांनी मिळून निधी काढला, तर प्रत्येकाला सरासरीने वर्षाच्या कमाईच्या ५ टक्के, म्हणजे सुमारे १८ दिवसांची कमाई द्यावी लागेल. पण शंभरांच्या गटात सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. साधारण ३७ टक्के वर्षांत एकही रुग्ण निघणार नाही, आणि साधारण ८ टक्के वर्षांत तीन किंवा जास्त निघतील. त्या वर्षी निधी आडवा होतो. हाच गट एक लाखाचा केला, तर अपेक्षित रुग्ण १०००, आणि बहुतेक वर्षी आकडा ९४० ते १०६० च्या आत राहतो. म्हणजे तेवढीच वर्गणी, वर थोडी शिल्लक धरली की, वर्षानुवर्षं पुरते. आजार कमी झालेला नाही, उपचार स्वस्त झालेला नाही. फक्त अनिश्चितता गेली.

मग सक्ती कशाला? ज्याला हवं त्याने यावं, असं का नाही? कारण आपण धडधाकट आहोत हे ज्याला माहीत आहे तो १८ दिवसांची कमाई देत नाही. निरोगी अर्धे लोक बाहेर पडले तर उरलेल्यांत आजाराचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं आणि वर्गणी ३६ दिवसांच्या कमाईच्या दिशेने सरकते. मग उरलेल्यांतले त्यातल्या त्यात बरे असलेले निघतात, वर्गणी पुन्हा चढते. विमा कंपन्या आधीचे आजार वगळतात, पहिली काही वर्षं ठरावीक आजारांचे क्लेम देत नाहीत, वयानुसार प्रीमियम चढवतात, ते याच घसरणीच्या धास्तीने. त्यांना शिव्या घालून उपयोग नाही. ऐच्छिक विम्याचं गणितच तसं आहे.

याचा एक सरळ तोटाही आहे आणि तो लपवू नये. तरुण, निरोगी, चांगला कमावणारा माणूस एखाद्या वर्षी जेवढं देतो तेवढं त्याला परत मिळत नाही. आयुष्यभराचा हिशेब मांडला तर म्हातारपणी बरंचसं फिटतं, पण उत्पन्नानुसार वर्गणी असेल तर सगळं फिटत नाही. श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा जातोच. तो जावा की नाही हा राजकीय प्रश्न आहे, त्याला वैद्यकीय उत्तर नाही.

संरक्षणाने प्रत्यक्षात काय बदलतं, यावर २००८ चा अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा अनुभव फार उपयोगी आहे. गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, म्हणून राज्याने सोडत काढली. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले असे दोन तुलनायोग्य गट आयते तयार झाले. दोन वर्षांनी मिळालेल्यांत नैराश्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं आणि उपचारापायी कर्जबाजारी करणारा खर्च जवळपास नाहीसा झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखरेच्या नियंत्रणात मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. आणि दवाखान्याची सोय झाली की लोक कॅज्युअल्टीत कमी जातील हा अंदाज उलटा ठरला. तिथल्या भेटी सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा ‘सगळ्यांना उपचार दिले की खर्च आपोआप उतरतो’ असं सांगणाऱ्या समर्थकापासूनही सावध राहा. प्रतिबंधक उपचारांतून बहुतेक वेळा आरोग्य मिळतं; बचत होतेच असं नाही.

खर्च वाचतो तो दुसऱ्या वाटेने, भाव ठरवण्याच्या ताकदीतून. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते आणि तरीही अडीच कोटींच्या आसपास लोक विम्याबाहेर आहेत. सगळ्यांना संरक्षण देणारे बहुतेक श्रीमंत देश १० ते १२ टक्क्यांत भागवतात. तिथले लोक डॉक्टरकडे कमी जातात म्हणून हा फरक पडतो, असं नाही. जपानी माणूस अमेरिकनापेक्षा कितीतरी जास्त वेळा डॉक्टरकडे जातो. पण जपानमध्ये प्रत्येक तपासणीचा, प्रत्येक टाक्याचा दर देशभर एकाच यादीत ठरलेला आहे आणि ती यादी दर दोन वर्षांनी सुधारली जाते. एमआरआय फार वाढले तेव्हा २००२ मध्ये त्याचा दर झपकन खाली आणला गेला. न्यूझीलंडमध्ये १९९३ पासून औषधखरेदीसाठी एकच सरकारी संस्था आहे, फार्मॅक. तिला ठरावीक बजेट असतं आणि त्यात बसेल तेच ती घेते, म्हणून कंपन्यांना भाव खाली आणावे लागतात. शिवाय पैसे देणारा एकच असला की बिलिंगची कटकट घटते: दहा कंपन्यांचे दहा फॉर्म, दहा प्रकारच्या पूर्वपरवानग्या आणि त्यासाठी ठेवलेला क्लेम विभाग, हे सगळं कमी होतं.

पण एकच खरेदीदार म्हणजे एकच मालकही. औषधाचा भाव पाडू शकणारं सरकार नर्सचा पगारही गोठवू शकतं, आणि मग नर्सेस देश सोडतात. नवी महाग औषधं अशा देशांत उशिरा पोहोचतात. न्यूझीलंडमध्ये फार्मॅकबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. कराचं म्हणाल, तर तो वाढतोच. मात्र तुलना करताना एकटा कर बघू नका. कर, प्रीमियम आणि खिशातून दिलेली रक्कम, तिन्हींची बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा की देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा १५ ते २० टक्क्यांच्या खाली आला की उपचारापायी बुडणाऱ्या घरांचं प्रमाण नगण्य होतं.

आता रांग. तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यात खरा आक्षेप आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डॉक्टर, खाटा आणि मशीन कमी असतील तर कोणाला तरी ते मिळणार नाही किंवा उशिरा मिळणार. खासगी बाजारात ही वाटणी पैसा करतो. ज्याला परवडत नाही तो यादीतच येत नाही, त्यामुळे रांग दिसत नाही. किंमत काढून टाकली की तोच तुटवडा उघड्यावर येतो. तेव्हा रांग दिसणं हा काही अंशी प्रामाणिकपणा आहे. पण काही अंशीच. उरलेली रांग नियोजनाची चूक असते आणि ती टाळता येते.

एक स्कॅनिंग मशीन घ्या. एका स्कॅनला अर्धा तास, दिवसाचे दहा तास काम, म्हणजे दिवसाला २० स्कॅन. मागणी रोज २२ ची आहे. फरक दोनचाच, कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही. वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत यादी ५०० वर जाते, म्हणजे आज नाव नोंदवणाऱ्याला २५ कामाचे दिवस, पाच आठवडे थांबायचं. बोंब होते, सरकार खास निधी देतं, ५०० स्कॅन बाहेरून करून घेतले जातात, फोटो छापून येतात. पुढच्या वर्षअखेर यादी पुन्हा ५०० वर, कारण रोजचे दोन तसेच राहिले. दुसरा मार्ग म्हणून क्षमता २२ केली, तर यादी वाढायची थांबते, पण साठलेले ५०० कायम राहतात. ते संपवायला क्षमता २४ लागते, आणि तरीही २५० दिवस जातात. ‘एवढा पैसा ओतला तरी रांग तिथेच’ या वाक्यामागे बहुधा हाच हिशेब असतो: पैसा साठ्यावर खर्च झाला, रोजच्या तफावतीवर नाही.

आणखी एक गोष्ट नेमकी उलटी केली जाते. हॉस्पिटल ९५ टक्के भरलेलं असलं की वित्त खातं खूश असतं, कारण काही वाया जात नाही. पण रुग्ण अनियमित येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही वेगळा. अशा स्थितीत एका खिडकीच्या साध्या गणितात, खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर सरासरी ताटकळणं एका कामाच्या वेळेच्या ४ पट असतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. शेवटच्या पाच टक्क्यांनी रांग दुपटीहून जास्त केली. रिकामी दिसणारी खाट म्हणजे उधळपट्टी नव्हे, तीच रांग आटोक्यात ठेवते. हे सभागृहात बजेट मांडणाऱ्याला पटवणं मात्र महाकठीण.

अडकतं कुठे तेही बघा. सकाळी ऑपरेशन रद्द झालं की लोक सर्जनला दोष देतात. प्रत्यक्षात सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी सगळं तयार असतं. रिकव्हरीतला पेशंट वॉर्डात हलवता येत नाही, कारण खाट नाही. खाट नाही, कारण तिसऱ्या खाटेवरच्या आजींचा उपचार चार दिवसांपूर्वी संपलाय, पण घरी ड्रेसिंग करायला आणि उठवून बसवायला कोणी नाही. आरोग्य आणि वृद्धांची देखभाल ही दोन वेगळी खाती, दोन वेगळी बजेटं. देखभालीचे पैसे कापले की ओटी बंद पडते. इथे नवा सर्जन नेमून काडीचा फरक पडत नाही.

रांगेचे आकडे वाचतानाही खबरदारी हवी. घड्याळ कधी सुरू होतं ते आधी विचारा. फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिली तेव्हापासून, की तज्ज्ञाने ‘ऑपरेशन करू’ म्हटल्यापासून? दुसऱ्या पद्धतीत तज्ज्ञाला भेटण्यासाठी थांबलेले महिने हिशेबातच येत नाहीत. सरासरी कोणाची, तेही विचारा. उपचार झालेल्यांची सरासरी चांगली दिसते, कारण जे अजून थांबलेत ते त्यात नाहीत. यादीत मेलेले, गाव सोडून गेलेले, बाहेर पैसे भरून मोकळे झालेले लोकही असतात, म्हणून फोन करून यादी झाडणं हे पहिलं स्वस्त काम. इंग्लंडमध्ये घड्याळ चिठ्ठीपासून सुरू होतं आणि थांबलेल्यांपैकी ९२ टक्के लोक १८ आठवड्यांच्या आत असावेत असं मानक आहे. २००० नंतरच्या दशकात भरपूर निधी आणि कडक लक्ष्यं एकत्र आल्यावर तिथली प्रतीक्षा खरोखर घटली. २०१६ नंतर मात्र ते मानक गाठता आलेलं नाही आणि २०२२ मध्ये यादी ७० लाखांच्या वर गेली. तेव्हा रांग ही सरकारी सेवेची नियती नाही, पण दुर्लक्ष केलं तर ती परत येते.

लक्ष्यांचेही चटके असतात. कॅज्युअल्टीतून चार तासांत पेशंट मार्गी लागला पाहिजे असा नियम तिथे आला, तेव्हा चार तास भरायच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांत दाखल होणाऱ्यांची संख्या एकदम वर उसळायची. जे मोजाल ते सुधारतं, कधी पेशंटसाठी तर कधी घड्याळासाठी.

आता ‘फुकट म्हणून लोक उगाच येतात’ याबद्दल. येतात, हे खरंच आहे. जपानने १९७३ मध्ये ७० वर्षांवरच्यांचे उपचार मोफत केले. दवाखाने वृद्धांचे कट्टे झाले, आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून महिनोन्‌महिने दाखल राहणाऱ्यांची संख्या फुगली. १९८३ मध्ये छोटी ठरावीक फी परत आणावी लागली. ब्रिटनमध्येही चष्मे आणि कवळ्यांना इतकी मागणी आली की तीन वर्षांत, १९५१ मध्ये, त्यावर पैसे लावले गेले. पण फी लावल्यावर नेमकं कोण येणं थांबतं, हा खरा मुद्दा आहे. तो शेवटी घेतो, कारण त्याचं उत्तर डॉक्टरला पैसे कसे मिळतात याच्याशी जोडलेलं आहे. अनावश्यक सेवेचा मोठा भाग पेशंट मागतच नाही, डॉक्टर लिहून देतो.

डॉक्टरांना रस राहत नाही या आक्षेपातही तीच मेख आहे. रस पगारावर ठरत नाही, पैसे कशाबद्दल मिळतात यावर ठरतो, आणि प्रत्येक पद्धत आपापल्या परीने बिघडवते.

सेवेगणिक बिल दिलं तर डॉक्टर भरपूर काम करतात, रांग छोटी राहते. पण तीन महिन्यांची गोळी एकदम लिहून देण्याऐवजी दर पंधरवड्याला बोलावलं जातं, तपासणी पाच मिनिटांवर येते, आणि ज्या चाचणीचा दर चांगला ती वाढते. एकूण खर्चाला झाकण राहत नाही.

माणशी ठरलेली वार्षिक रक्कम दिली, ज्याला कॅपिटेशन म्हणतात, तर नोंदलेला माणूस निरोगी राहण्यात डॉक्टरचा फायदा. लसीकरण, रक्तदाबाचा पाठपुरावा नीट होतो. बिघाड असा की जरा अवघड पेशंट आला की वर रेफर, कारण तिथला खर्च दुसऱ्याच्या खात्यात. आणि मधुमेह, किडनी असं दुखणं असलेल्यांची नोंदणी टाळली जाते. यावर उपाय ठरलेला आहे. रक्कम वय, लिंग आणि जुनाट आजारांनुसार कमीजास्त ठेवायची, नोंदणी नाकारायचा अधिकार काढून घ्यायचा, आणि रेफरचं प्रमाण शेजारच्या डॉक्टरांशी ताडून बघायचं.

हॉस्पिटलला वर्षाचं ठोक बजेट दिलं तर वित्त खात्याला शांत झोप लागते. हॉस्पिटलसाठी मात्र प्रत्येक नवा पेशंट म्हणजे निव्वळ खर्च. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत इम्प्लांट संपतात, गुडघे आणि मोतीबिंदू पुढे ढकलले जातात. बजेट खाटांच्या संख्येवर दिलं तर याहून वाईट: सोव्हिएत व्यवस्थेत तसं होतं, म्हणून खाटा प्रचंड होत्या आणि त्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून पेशंट गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवले जात.

आजारागणिक पॅकेज हा चौथा प्रकार. अमेरिकेने वृद्धांच्या सरकारी विम्यात तो १९८३ मध्ये आणला आणि मग अनेक देशांनी उचलला. न्यूमोनियाला इतके, सिझेरियनला इतके, मग पेशंट तीन दिवस राहो की सात. मुक्काम झटकन घटतो. त्याचबरोबर पेशंट अर्धवट बरा असताना घरी जातो, साध्या न्यूमोनियाच्या फाइलवर ‘गुंतागुंतीचा’ असा कोड पडतो, आणि एकदा दाखल करून होणारी दोन कामं दोनदा दाखल करून केली जातात. म्हणून ३० दिवसांच्या आत त्याच कारणाने परत दाखल झाला तर वेगळे पैसे द्यायचे नाहीत, आणि दरमहा काही फाइली चिठ्ठ्या टाकून निवडून डॉक्टरांकडूनच तपासून घ्यायच्या. तपासणी होत नसेल तर पॅकेज पद्धत आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थायलंडने २००२ मध्ये देशभर लागू केलेल्या योजनेत या सगळ्याचं शहाणं मिश्रण आहे: दाखल न होणाऱ्या रुग्णांसाठी माणशी रक्कम, दाखल रुग्णांसाठी आजारागणिक दर, पण त्या दरांवर एकूण बजेटचं झाकण. भेटीला ३० बाट फी, म्हणून ती ‘३० बाट योजना’ म्हणून ओळखली गेली. आज सुमारे तीन चतुर्थांश लोक तिच्याखाली आहेत. मात्र ती एका रात्रीत उभी राहिली नाही. त्याआधीची दोन दशकं तिथे ग्रामीण भागात जिल्ह्याखालची छोटी हॉस्पिटलं बांधली जात होती आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात सेवा सक्तीची होती. हक्काचं कार्ड वाटायच्या आधी ते दाखवायची जागा तयार होती. हा क्रम उलटा केला तर कार्ड घेऊन लोक शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत उभे राहतात, आणि ज्यांना प्रवास परवडतो त्यांनाच फायदा होतो.

नकार हा विषय लोकांना आवडत नाही, पण टाळता येत नाही. निधी ठरावीक असेल तर काही उपचारांना ‘नाही’ म्हणावंच लागतं. थायलंडने सुरुवातीला डायलिसिस योजनेबाहेर ठेवलं होतं आणि २००८ मध्ये आत घेतलं, तेही घरच्या घरी पोटातून करायच्या पद्धतीला प्राधान्य देऊन. इंग्लंडमध्ये १९९९ पासून नाइस नावाची संस्था हे काम करते. नव्या औषधाने निरोगी आयुष्याचं एक वर्ष किती पैशात मिळतं ते ती काढते, आणि दीर्घकाळ तिने २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा वापरली. क्रूर वाटतं, पण निकष छापलेला आहे, त्यावर हरकत घेता येते. निकष छापलेला नसेल तर नकार तरीही होतोच: औषध ‘स्टॉकमध्ये नाही’ असतं, मशीन ‘दुरुस्तीला गेलेलं’ असतं, आणि ओळख असलेल्याचं काम होतं.

शेजारी खासगी सेवा असावी का? बहुतेक देशांत असते. अडचण येते ती तोच डॉक्टर दोन्हीकडे असतो तेव्हा, कारण सकाळची लांब रांग ही संध्याकाळच्या प्रॅक्टिसची जाहिरात ठरते. कॅनडाच्या १९८४ च्या कायद्याने विमाकक्षेतल्या सेवांसाठी पेशंटकडून वरचे पैसे घेणं रोखलं. प्रांताने घेऊ दिले तर तेवढीच रक्कम केंद्राच्या निधीतून कापली जाते. दुसरीकडे, तिथल्याच क्वेबेक प्रांतातल्या रांगेवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २००५ मध्ये न्यायालयाने तिथली खासगी विम्यावरची बंदी उचलून धरली नाही. वेटिंग लिस्टमध्ये नाव असणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. बंदी चालवायची असेल तर रांग आटोक्यात हवी. ती नसेल तर निदान डॉक्टरचे सरकारी तास, त्या तासांतलं काम आणि त्याची खासगी यादी एकाच ठिकाणी नोंदवली पाहिजे.

आता फी. यावर अमेरिकेत १९७४ ते १९८२ मध्ये रँड संस्थेने मोठा प्रयोग केला. कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळे विमे दिले: काहींना सगळं मोफत, काहींना खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलायचा. वाटा उचलणाऱ्यांनी सेवा साधारण २५ ते ३० टक्के कमी वापरली. पण त्यांनी गरजेच्या आणि बिनगरजेच्या भेटी जवळपास सारख्याच कापल्या, कारण छातीतलं दुखणं गॅसचं की हृदयाचं हे पेशंटला कळत असतं तर डॉक्टर लागलाच नसता. सरासरी प्रकृतीत फारसा फरक पडला नाही. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचं, विशेषतः रक्तदाब असलेल्यांचं, नुकसान झालं.

म्हणून फी लावायचीच असेल तर ती जागा बघून लावावी. पहिली भेट, गरोदरपण, लहान मुलं, लसी, क्षयरोग, रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या यांवर एक पैसाही नको. चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत येणं, स्वस्त जेनेरिक उपलब्ध असताना ब्रँडचाच हट्ट, यांवर लावा. टक्केवारीत लावली तर, जपानसारखी, महिन्याची कमाल मर्यादा ठेवा, नाहीतर कॅन्सरच्या पेशंटसाठी ३० टक्केसुद्धा कंबर मोडणारे असतात. सूट कोणाला हे काउंटरवरच्या माणसाने ठरवू नये. ते कार्डवरच नोंदलेलं असावं. आणि वसुलीचा हिशेब आधी करा. जर्मनीने २००४ मध्ये दर तिमाहीच्या पहिल्या भेटीला १० युरो फी लावली. भेटी अपेक्षेइतक्या घटल्या नाहीत, दवाखान्यांत पावत्या फाडायचं काम वाढलं, आणि २०१२ च्या अखेरीस ती काढून टाकावी लागली.